चांगला ग्योझा शोधायचा कसा?

वाटाड्या

मोठ्या शहरात जपानी रेस्टॉरंटांना तोटा नसतो आणि ग्योझा (पातळ पारीत खिमा-भाजीचं सारण भरून केलेला, मोमोसारखा जपानी पदार्थ) तर बहुतेक प्रत्येक मेनूकार्डावर असतोच. पण ताटलीत जे येतं ते पुष्कळदा एकतर सगळ्या बाजूंनी तळून कडक झालेलं असतं, नाहीतर वाफेवर लिबलिबीत पडलेलं. याकी, म्हणजे तव्यावर भाजलेला ग्योझा म्हटला की तळ खरपूस, वरची बाजू मऊ आणि किंचित पारदर्शक, आत रस धरून ठेवलेलं सारण. हे तिन्ही एकाच घासात लागलं पाहिजे.

माझं मत आधीच सांगतो: सुशीसाठी नावाजलेल्या ठिकाणी ग्योझा मागवू नये. पण मग कुठे मागवावा? ऑर्डर द्यायच्या आधी काय बघावं, काय विचारावं? आणि ताटली समोर आल्यावर कशावरून ठरवावं?

कृपया रेस्टॉरंटांची नुसती नावं देऊ नका. शहर बदललं की ती यादी कामाची नाही, आचारी बदलला तरी नाही. खुणा सांगा, म्हणजे कुठेही उपयोगी पडतील.

रामेनप्रेमी

सुशीबद्दल सहमत. जपानमध्येही ग्योझा हा सुशीवाल्याचा पदार्थ नाही. तो मिळतो रामेनच्या (रश्श्यातल्या नूडल्सच्या) दुकानात, इझाकायात (जपानी पद्धतीच्या बारमध्ये) आणि 'माची चूका' म्हणजे जपानी वळणाच्या गल्लीतल्या चिनी खानावळीत. मूळ चिनी जिआओझी. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून (ईशान्य चीनमधून) परतलेल्या जपानी लोकांमुळे तो सगळीकडे पसरला. उत्तर चीनमध्ये तो मुख्यतः उकडून खातात, जपानने तव्यावरचा उचलला.

सुशीच्या ओट्यावर जाड लोखंडी तवा नसतो, खिमा नसतो, कोबीच्या राशी चिरणारा माणूस नसतो. तिथे ग्योझा बहुधा फ्रीजरमधून थेट तळणीत जातो. तेव्हा रामेनचं दुकान शोधा. मेनूत रामेन, चाहान (परतलेला भात) आणि ग्योझा हे त्रिकूट एकत्र दिसलं की आशा ठेवायला हरकत नाही.

काटेकोर

रामेनप्रेमी, अर्धंच पटलं. रामेनच्या दुकानात सगळा जीव रश्श्यात आणि नूडल्समध्ये असतो. जागा कमी, माणसं कमी, त्यामुळे ग्योझा पुरवठादाराकडून गोठवलेला घेणारी रामेनची दुकानंही भरपूर आहेत. दुकानाचा प्रकार बघण्यापेक्षा तिथे ग्योझ्याच्या किती ताटल्या उठतात ते बघा. आजूबाजूच्या टेबलांवर नजर टाका. दर दुसऱ्या-तिसऱ्या टेबलावर ग्योझा असेल तर तवा सतत तापलेला असतो, सारण शिळं राहत नाही आणि भाजणाऱ्याचा हात बसलेला असतो.

स्वयंपाकघर दिसत असेल तर काम आणखी सोपं. ग्योझा भाजायचं वेगळं यंत्र येतं: चौकोनी, कडा असलेला जाड लोखंडी तवा, वर जड झाकण, पाणी सोडायची सोय. ते दिसलं की इथे ग्योझा मनावर घेतला आहे असं समजा. ते नाही, साधा झाकणाचा तवाही नाही, नुसती तळणी आहे, तर मेनूवर काहीही लिहिलेलं असो, येणार तो आगे ग्योझा, म्हणजे तळलेला.

कानही वापरा. तव्यात पाणी ओतलं की मोठा 'फस्स' होतो आणि झाकणाखाली दबतो. चार-पाच मिनिटांनी झाकण निघतं, उरलेलं पाणी उडतं आणि आवाज बदलतो. खळखळ थांबून बारीक तडतड सुरू होते. ती तडतड म्हणजे पाणी संपलं, आता तेल काम करतंय. पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, म्हणून नीट रंग चढत नाही. खरपूसपणा शेवटच्या दीड-दोन मिनिटांत येतो आणि घाईच्या वेळी नेमकी तीच मिनिटं कापली जातात. फिकट तळाचा, वातड ग्योझा हा पंधरा आणे या कापलेल्या वेळाचा परिणाम असतो.

चिमूटभर

म्हणजे ताटली किती वेळात आली यावरूनही कळेल?

काटेकोर

बऱ्यापैकी. कच्चा ग्योझा तव्यावर मांडल्यापासून ताटलीत यायला सात ते दहा मिनिटं धरा. तीन मिनिटांत आला तर तो तळलेला, किंवा आधी भाजून ठेवून पुन्हा गरम केलेला. अपवाद गर्दीचा. जिथे घाण्यामागून घाणा निघतो तिथे तुमच्या आधी लावलेल्या घाण्यातली ताटली मिळते आणि ती ताजीच असते. रिकाम्या दुकानात तीन मिनिटांत आला तर मात्र शंका घ्या.

पीठमळणी

तव्याचं झालं, आता पारीचं. चांगल्या-वाईटाचा निम्मा निकाल पारीतच लागतो.

जपानी ग्योझ्याची तयार पारी साधारण साडेआठ-नऊ सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. चिनी जिआओझीची याहून जाड. पातळ पारीमुळे तळ कुरकुरीत होतो आणि वरचा भाग झटकन शिजतो, पण तिच्यात चुका लगेच उघड्या पडतात.

स्वतः पारी लाटणारी दुकानं १०० ग्रॅम मैद्याला ५० ते ५५ ग्रॅम पाणी आणि चिमूटभर मीठ, या आसपास असतात. तव्यावरच्या ग्योझ्याला कढत पाणी. त्याने मैद्यातला स्टार्च थोडा आधीच शिजतो, पीठ मागे ओढत नाही, पारी पातळ लाटली जाते आणि भाजल्यावर मऊ राहते. उकडायच्या सुई ग्योझ्याला गार पाणी, कारण तिथे चिवट, चावायला लागणारी पारी हवी असते. दोन्ही पिठं मळल्यावर किमान अर्धा तास झाकून ठेवायची.

आता ताटलीत काय बघायचं:

चुण्या जिथे मिटतात तिथे पारीचे दोन-तीन थर एकावर एक येतात. ती कड चावून बघा. आत पांढरी, पिठूळ लागली तर वाफ कमी पडली, म्हणजे पाणी थोडं घातलं किंवा झाकण लवकर काढलं. कड सुकून तडकलेली असेल तर भरलेले ग्योझे फ्रीजमध्ये उघडे पडून होते. आणि तळ भाजलेला असूनही मधोमध ओला, चिकट, उचलताना फाटणारा असेल तर भरून बराच वेळ गेला आहे. सारणाचं पाणी पारीत मुरलं की ती तव्याला धरते. म्हणूनच चांगल्या दुकानात ग्योझे थोडे थोडे भरतात, किंवा भरल्याबरोबर गोठवतात. भरून तासन्‌तास नुसते फ्रीजमध्ये ठेवणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

चुण्या साधारण पाच ते सात, त्याही एकाच बाजूला. दुसरी बाजू सपाट राहते, त्यामुळे ग्योझा आपोआप चंद्रकोरीसारखा वळतो आणि तव्यावर नीट बसतो. बसला नाही, कलंडला, तर तळाला डागासारखा रंग येतो, पट्टा येत नाही.

रामेनप्रेमी

चुण्या अगदी एकसारख्या असल्या तर यंत्राचा समजायचा ना? मग उठून जायचं?

पीठमळणी

अजिबात नाही. यंत्राचा असणं आणि वाईट असणं यांचा संबंध नाही. १९६७ मध्ये क्योतोत सुरू झालेली 'ग्योझा नो ओशो' ही साखळी घ्या. ग्योझा कारखान्यात तयार होतो, पण भाजला जातो दुकानात, डोळ्यांसमोर, घाण्यामागून घाणा. तिथे चव भाजणाऱ्याच्या हातावर ठरते. हाताने भरलेला पण अर्धवट भाजलेला ग्योझा यंत्राच्या नीट भाजलेल्यापुढे टिकत नाही.

सारणसम्राज्ञी

पीठमळणी, तुमचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. 'निम्मा निकाल पारीत' हे मान्य, उरलेला निम्मा माझ्या खात्यात.

नेहमीचं सारण: डुकराचा खिमा, कोबी किंवा नापा (लांबट चिनी) कोबी, निरा (लसणाच्या वासाची चपटी पात), आलं, लसूण, सोया सॉस, थोडी साके (तांदळाची दारू), तिळाचं तेल. वजनाने खिमा आणि भाजी जवळपास सारखी, किंवा भाजी दीडपट. खिम्यात २५-३० टक्के चरबी हवी. त्याहून कमी असली की सारण घट्ट होऊन कोरडं लागतं.

दोन गोष्टींत सारण बिघडतं.

पहिली कोबी. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बारीक चिरून वजनाच्या दीड-दोन टक्के मीठ चोळायचं, दहा-पंधरा मिनिटांनी पिळायचं. पिळला नाही तर पारी आतून भिजते. चोथा होईस्तोवर पिळला तर गोडवा आणि रस दोन्ही जातात. पिळलेला कोबी मुठीत दाबला की ओलसर लागावा, पण थेंब गळू नये. ज्या ग्योझ्यातून घास घेताच पांचट पाणी येतं तो न पिळलेल्या कोबीचा. रस वेगळा, पाणी वेगळं. रसाला चरबीची चकाकी असते आणि तो ओठांना किंचित चिकटतो.

दुसरी गोष्ट मळण्याची. आधी नुसता गार खिमा, मीठ आणि सोया सॉस घालून चिकट होईपर्यंत मळायचा. मीठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि तीच पुढे रस धरून ठेवतात. मग थोडं थोडं स्टॉक किंवा पाणी जिरवायचं, मग तेल, आणि भाजी सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने. सगळं एकदम घालून कालवलं तर भाजी पाणी सोडते आणि खिमा सुटा राहतो. असा ग्योझा मधून कापला की सारण भुगा होऊन पडतं. याउलट आतला गोळा रबरासारखा उसळणारा आणि एकजीव असेल, भाजीचा तुकडाच दिसत नसेल, तर तो बहुधा घाऊक गोठवलेला माल. त्यात स्टार्च आणि सोयाबीनची प्रथिनं भरपूर असतात.

थोडक्यात, पहिला ग्योझा अर्धा चावा आणि आत बघा. कोबीचे कण वेगवेगळे दिसले पाहिजेत आणि तरी सारण पडता कामा नये.

हिरवीपात

शाकाहारी ग्योझ्याचं काय? मेनूत 'व्हेज' लिहिलेलं असतं, पण खात्री कशी करायची?

सारणसम्राज्ञी

हिरवीपात, चार गोष्टी स्पष्ट विचारा: सारणात ऑयस्टर सॉस आहे का, चिकन पावडर किंवा स्टॉक आहे का, तव्याला चरबी लावता की तेल, आणि मांसाचे ग्योझे त्याच तव्यावर भाजता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'हो' असं येईल, कारण तवा एकच असतो. ते चालत नसेल तर उकडलेला किंवा वाफवलेला मिळतो का विचारा आणि भांडं, पाणी वेगळं घ्यायला सांगा. बुडवायच्या सॉसमध्ये कधी दाशी (माशाचा पातळ स्टॉक) असतं, त्यापेक्षा साधा सोया सॉस आणि व्हिनेगर मागा.

चवीचं म्हणाल तर शाकाहारी सारणात चरबी नाही, म्हणून ते कोरडं किंवा पाणचट होतं. नीट करणारे शिताके मशरूम, वजनाखाली ठेवून पाणी काढलेला टोफू आणि बारीक कापलेले हारुसामे (पारदर्शक शेवया) वापरतात. शेवया सुटणारं पाणी शोषतात, मशरूम चव देतं, तिळाच्या तेलाने स्निग्धपणा येतो. नुसता गाजर-कोबी-सिमला मिरचीचा चुरा भरला असेल तर समजा की मेनूत एक ओळ वाढवण्यापुरता ठेवला आहे.

हिरवीपात

धन्यवाद, हे चारही प्रश्न लिहून घेतले. हिरव्या रंगाची पारी म्हणजे शाकाहारी, असं धरायचं का?

पीठमळणी

नाही. पालकाच्या रसाने पारी हिरवी करतात आणि आत कोळंबीही असू शकते. रंगावर जाऊ नका.

खरवड

झालरीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? हानेत्सुकी, म्हणजे सगळ्या ग्योझ्यांना जोडणारी कुरकुरीत पातळ झालर असलेला प्रकार. तोक्योच्या कामाता भागातल्या 'नीहाओ' या दुकानातून १९८३ पासून तो नावारूपाला आला.

करणं अवघड नाही. साध्या पाण्याऐवजी १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ५ ग्रॅम मैदा ढवळून तव्यात ओततात. पाणी उडतं, मैद्याची जाळी उरते आणि तेलात भाजली जाते. मैदा जास्त झाला की झालर चामड्यासारखी होते. कमी झाला की तुटक तुटक. आच मंद असली की जाळी पडायच्या आतच खळ होते. मैद्याऐवजी बटाट्याचा स्टार्च घेतला तर झालर काचेसारखी कुरकुरीत, पण लवकर फुटणारी.

माझ्या मते झालर हीच सगळ्यात सोपी खूण. तळणीतून झालर येत नाही. झालर दिसली म्हणजे तवा, पाणी आणि झाकण तिन्ही वापरलं.

काटेकोर

तवा वापरला हे खरं, पण ग्योझा चांगला आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. घरगुती गोठवलेल्या पाकिटातही आता झालरीचं मिश्रण खाली लावलेलंच येतं. शिवाय झालर कमकुवत तळ झाकते. झालर कुरकुरीत असते, तिच्याखालचा ग्योझ्याचा स्वतःचा तळ मऊच. झालर बाजूला काढून तळ बघितल्याशिवाय मत देऊ नये.

खरवड

झालर बाजूला काढून? ती तर आधी खायची!

बरं, मुद्दा मान्य. तळ बघावा. पण झालर एकसंध, एकाच रंगाची, कडेला जळलेली नाही आणि मध्ये फिकट नाही, असं असेल तर तव्याची आच सगळीकडे सारखी आहे हे तरी कळतंच. ते चांगल्या भाजणाऱ्याचंच लक्षण. आणि ताटली उलटी वाढलेली असावी, भाजलेली बाजू वर. भाजलेली बाजू खाली ठेवून वाढली की स्वतःच्याच वाफेने मिनिटभरात मऊ पडते.

सोमवारचा पाहुणा

थोडं अवांतर. जपानमध्ये ग्योझ्याची राजधानी कोणती? उत्सुनोमिया ऐकून आहे.

रामेनप्रेमी

हा प्रश्न तिकडे जपून विचारायचा असतो. तोचिगीतलं उत्सुनोमिया आणि शिझुओकातलं हामामात्सु यांची जुनी चुरस आहे. सरकारच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत घरटी ग्योझ्यावर किती खर्च होतो ते मोजतात. २०१० पर्यंत सलग पंधरा वर्षं उत्सुनोमिया पहिलं होतं, २०११ ला हामामात्सुने गाठलं, आणि २०२१ व २०२२ ला क्यूशूतल्या मियाझाकीने दोघांनाही मागे टाकलं. गंमत म्हणजे या पाहणीत रेस्टॉरंटात खाल्लेला ग्योझा आणि गोठवलेला ग्योझा धरतच नाहीत.

जपानी सैन्याची उत्सुनोमियाची चौदावी डिव्हिजन मांचुरियात होती, परतलेल्यांनी तिथे ग्योझा रुजवला असं सांगतात. तिथला ग्योझा भाजी जास्त, हलका. हामामात्सुत कोबीबरोबर कांदा, ग्योझे गोलाकार मांडून भाजतात आणि मधल्या रिकाम्या जागेत उकडलेले मोड आलेले मूग ठेवतात.

खरवड

उत्सुनोमियाच्या स्टेशनपाशी ग्योझ्याचा पुतळाही आहे. ओया दगडात कोरलेली, पारीत गुंडाळलेली व्हीनस. १९९४ चा. २००८ मध्ये हलवताना पडून तिचे तुकडे झाले, मग जोडून पुन्हा उभी केली. पारी दगडाची असली तरी हलवताना जपावं लागतं!

पीठमळणी

:)) पण या प्रादेशिक प्रकारांचा मूळ प्रश्नाशी संबंध आहे. एखादं रेस्टॉरंट मेनूत नुसतं 'ग्योझा' न लिहिता 'हामामात्सु ग्योझा', 'हाकाताचा एका घासाचा ग्योझा' किंवा 'तेत्सुनाबे' (लोखंडी तव्यातच वाढलेला) असं लिहीत असेल तर कोणीतरी विचार केला आहे असं धरायला जागा आहे. मग ते शब्दाला जागतात का तेवढं बघायचं. हामामात्सु म्हणून मोड आलेले मूग नसले, किंवा हाकाताचा म्हणून बोटभर लांब ग्योझा आला, तर नाव नुसतं सजावटीचं.

आणि दरवेळी पातळ पारीचाच आग्रह नको. चिबातल्या नोदा इथला 'व्हाइट ग्योझा' जाड पारीचा, गुबगुबीत, भरपूर तेलात भाजलेला असतो. त्याची जातच वेगळी.

चिमूटभर

सॉस कसा मिसळायचा? टेबलावर तीन बाटल्या असतात.

काटेकोर

सोया सॉस, तांदळाचं व्हिनेगर आणि रायू (मिरचीचं तेल). दोन भाग व्हिनेगर, एक भाग सोया, रायूचे दोन-तीन थेंब. सोया जास्त झाला की सारणाची चव मारतो, कारण सारणात तो आधीच आहे. हलक्या, भाजीच्या ग्योझ्याला नुसतं व्हिनेगर आणि भरपूर काळी मिरी उत्तम लागते. तोक्योच्या आकासाकातल्या 'मिनमिन'मुळे ही पद्धत बरीच पसरली. कोबेत मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा) सॉस देतात, हाकाताकडे युझुकोशो (युझू लिंबाची साल आणि मिरचीचं वाटण).

पहिला ग्योझा मात्र सॉसशिवाय खावा. आणि बुडवताना भाजलेली बाजू सॉसमध्ये घालू नका, मऊ बाजू टेकवा.

सोमवारचा पाहुणा

घरी मागवला तर या सगळ्यातलं किती टिकतं?

खरवड

फार थोडं. बंद डब्यात वाफ कोंडते, झालर काही मिनिटांत लोळागोळा होते, पंधरा-वीस मिनिटांत तळही जातो. मागवायचाच तर सुई ग्योझा मागवा आणि रस्सा वेगळा घ्या, किंवा तळलेला घ्या, तो त्यातल्या त्यात तग धरतो. याकी ग्योझा आलाच तर मायक्रोवेव्ह नको. तव्यावर चमचाभर तेल, भाजलेली बाजू खाली, मध्यम आच, झाकण न ठेवता दोन-तीन मिनिटं. तळ बराचसा परत येतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे कच्चे गोठवलेले विकणारं रेस्टॉरंट शोधणं. जपानमध्ये ही पद्धत सर्रास आहे. घरी भाजताना ते वितळवायचे नाहीत, फ्रीजरमधून थेट तव्यावर. वितळले की पारी ओली होते आणि एकमेकांना चिकटते. आधी तेल, मग ग्योझे, मग त्यांच्या तिसऱ्या हिश्शाच्या उंचीपर्यंत उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. झाकण काढा, पाणी पूर्ण उडू द्या, कडेने चमचाभर तिळाचं तेल सोडा आणि तळ गडद सोनेरी होईपर्यंत हात लावू नका. गार पाणी ओतलं तर तवा थंड पडतो आणि पाणी उकळेपर्यंत पारीची खळ होते. ग्योझे तव्याला धरतात ते बहुतेक वेळा यामुळे.

सारणसम्राज्ञी

तवा गुळगुळीत नसेल तरीही धरतात. अजिनोमोतोचे गोठवलेले ग्योझे तेल-पाण्याशिवाय भाजता येतात, तरी काहींच्या तव्याला चिकटत होते. २०२३ मध्ये कंपनीने लोकांकडून ते तवेच मागवून घेतले आणि हजारो जमा झाले. घरच्या तव्यावर भाजताना नॉनस्टिकचा थर घासून गेला असेल तर तेल थोडं सढळ हाताने घ्या, नाहीतर खाली बेकिंगचा कागद घाला.

वाटाड्या

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. आता मूळ प्रश्नाकडे परत येतो. समजा दोन रेस्टॉरंटं आहेत, दोन्ही अनोळखी, दोन्हींच्या मेनूत याकी ग्योझा. जाण्याआधी फोनवर काय विचारलं की फरक कळेल? 'ग्योझा तुम्हीच करता का' याला सगळीकडून 'हो' येतं.

काटेकोर

तो प्रश्न सोडा. असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर भरणाऱ्यालाच माहीत असतं. 'सारणात साधा कोबी असतो की नापा?' स्वतः भरणारे तत्काळ सांगतात. पाकीट फोडणारे विचारून सांगतो म्हणतात. दुसरा: 'कच्चे गोठवलेले घरी न्यायला मिळतात का?' हो म्हणाले तर बहुधा तिथेच भरतात. तिसरा: 'रात्री उशिरा आलो तर मिळतील, की संपतात?' संपतात असं सांगणारी जागा मी आधी निवडेन.

पीठमळणी

चौथा माझा: 'याकी आणि सुई दोन्ही मिळतात का, आणि दोन्हींची पारी एकच का?' पारी वेगळी असेल तर डोळे मिटून जा. एकच असेल तरी बिघडलं नाही. तोक्योचं 'हाराजुकु ग्योझारो' कित्येक वर्षं मोजके प्रकार देतं: याकी किंवा सुई, निरा-लसूण घालून किंवा न घालता, सोबत काकडी आणि मोड. मेनू जितका आखूड तितका तवा जास्त तापलेला. शंभर पदार्थांच्या मेनूत ग्योझ्याकडे बघायला वेळ कोणाला असणार?

रामेनप्रेमी

आखूड मेनूला पूर्ण अनुमोदन. काटेकोर यांचं गोठवलेल्या पुरवठ्याबद्दलचं म्हणणंही आता पटलं. फक्त रामेनच्या दुकानाच्या बाजूने एक भर: दुपारी बारा ते दीडच्या गर्दीत ग्योझा मागवू नका, तेव्हा सगळं लक्ष नूडल्सवर असतं. संध्याकाळी दुकान उघडल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जा. तवा एव्हाना नीट तापलेला असतो आणि भाजणाऱ्याच्या मागे घाई नसते.

वाटाड्या

आणि चौघं गेलो तर चार ताटल्या एकदम सांगायच्या का?

खरवड

नको. एका ताटलीत साधारण पाच-सहा ग्योझे येतात. आधी एकच ताटली सांगा, चौघांत एकेक खा, तळ आणि कड बघा. चांगला निघाला तर दोन-दोन ताटल्या सांगत जा. चार एकदम आल्या तर शेवटच्या ताटलीपर्यंत पोचेस्तोवर तिचा तळ मऊ पडलेला असतो. आणि सोबत साधा भात मागवा. बुडवलेला ग्योझा भातावर टेकवून खाल्ला की खाली पडणारा रस वाया जात नाही.

हिरवीपात

दोन शाकाहारी असले तर पहिली ताटली कोणती सांगायची?

सारणसम्राज्ञी

शाकाहारी आधी, आणि तसं ऑर्डर देतानाच सांगायचं: 'तवा पुसून पहिला घाणा शाकाहारी लावा.' संध्याकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर बहुतेक जण ऐकतात. रामेनप्रेमींनी सांगितलेला अर्धा-पाऊण तास मात्र थांबू नका, तोवर तव्यावर मांसाचे दोन-चार घाणे होऊन गेलेले असतात. तवा पुरता तापला नसेल तर रंग यायला मिनिटभर जास्त लागेल, तेवढं थांबा.